धोटा, ढरकी, नाडे

ताण्याच्या शेकडो दोऱ्यांमधून बाण्याचा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारी ती लाकडी होडी. मराठी विणकर तिला धोटा म्हणतो. आझमगडकडच्या जुलाह्याच्या तोंडी ती ढरकी, आणि करीमनगरच्या पद्मशाल्याच्या घरात नाडे. भिवंडीत हे तिन्ही शब्द काही काळ शेजारी शेजारी नांदले. मग यंत्रमागाबरोबर ‘शटल’ आलं आणि त्याने तिघांनाही म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ढकलून दिलं. आता बिनधोट्याचे माग येऊ लागलेत, म्हणजे शटलचीही पाळी आलीच.

भिवंडीचा इतिहास बहुतेक वेळा कापडाच्या नाहीतर दंगलीच्या अंगाने सांगितला जातो. भाषेच्या अंगाने तो फारसा कुणी सांगत नाही. खरं तर इथला माणूस घरात कुठली भाषा बोलतो, शाळेत कुठली शिकतो आणि बाजारात कुठल्या भाषेत भाव करतो, असे तीन प्रश्न विचारले तर एकाच माणसाकडून तीन उत्तरं येतात. ती कुठून आली हे शोधायला शहरात शिरण्याआधी शहराबाहेर, वडप्याला थांबावं लागतं.

ठाण्याच्या माजिवड्याहून निघालेला बायपास वडप्याला संपतो आणि नाशिककडचा पुढचा टप्पा तिथूनच सुरू होतो. रस्ते बांधणाऱ्या खात्यांच्या कागदांत ‘माजिवडा–वडपे’ आणि ‘वडपे–गोंदे’ अशी कामांची नावं पडलेली आहेत. त्यामुळे ज्यांनी हे गाव कधी पाहिलं नाही त्यांनाही त्याचं नाव वाहतूक कोंडीच्या बातम्यांमधून पाठ झालंय. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामं, मधे ट्रकांच्या रांगा, मागे उरलेली भातशेती. पण हा रस्ता गोदामांहून फार जुना आहे. हा मुंबई–आग्रा रस्ता, कसाऱ्याजवळ थळघाट चढून नाशिक, मालेगाव, धुळे करत उत्तरेला जाणारा. भिवंडीच्या काही भाषा याच वाटेने खाली उतरल्या.

त्या उतरण्याआधी इथे काय बोललं जात होतं? मिठागरं आणि भातखाचरं कसणाऱ्या आगऱ्यांची आगरी, खाडीवरच्या कोळ्यांची कोळी, डोंगराकडच्या वारली-ठाकर-कातकऱ्यांच्या बोली, कुणब्यांची मराठी, आणि भिवंडी-कल्याणच्या जुन्या बंदरी मुसलमानांची कोकणी. जॉर्ज ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली निघाला. तो मराठीला वाहिलेला होता आणि त्याचं संपादन स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने केलं होतं. बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक बोलीत सांगायला लावून त्यांनी नमुने गोळा केले. बापाकडून वाटा घेऊन परमुलखात गेलेला आणि हात हलवत परत आलेला तो मुलगा आगरीत बोलतो, कोळीत बोलतो, ठाकरीत, काथोडीत, वारलीतही बोलतो. पुढे शतकभर परमुलखातून लोक येत राहणार होते त्या तालुक्याच्या भाषांची नोंद अशा गोष्टीने व्हावी, हा निव्वळ योगायोग. पण मजेचा.

आगरीची ओळख दोन-चार खुणांनी पटते. ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’, आणि ‘ड’ अनेकदा ‘र’कडे झुकतो. डोळा तो डोला, पाणी ते पानी, गाडी ती गारी. शाळेतल्या गुरुजींना या उच्चारांवर लाल शाई ओढायची सवय लागली आणि आगरी पोरांना आपली भाषा म्हणजे चुकीची मराठी असं वाटू लागलं. पण लग्नात हळद लावण्यापासून पुढच्या विधींना आजही आगऱ्यांकडे धवलारीण लागते. ती बाई धवले गाते आणि तिच्या गाण्याबरोबर लग्न पुढे सरकतं. महानुभाव पंथाच्या महदंबेने तेराव्या शतकात रचलेले धवळे हे मराठीतल्या आद्य कवितांपैकी एक मानले जातात. तोच शब्द, फक्त ‘ळ’चा ‘ल’ झालेला. विद्यापीठात जो शब्द अभ्यासक्रमाला लागतो तो वडप्याच्या परिसरात मांडवात ऐकू येतो, आणि गुरुजींच्या लाल शाईने त्यालाच अशुद्ध ठरवलेलं असतं!

मग आले विणकर.

१८५७च्या उठावानंतर अवध-पूर्वांचलात जी धरपकड आणि होरपळ झाली तिच्यातून जुलाह्यांची कुटुंबं दक्षिणेकडे निघाली. नुसत्या भीतीने घर सुटतं असं नाही. मँचेस्टरच्या कापडाने त्यांचा बाजार आधीच खाल्ला होता, पुढे दुष्काळांनी उरलंसुरलं नेलं. मऊ, मुबारकपूर, आझमगड, बनारस, अलाहाबाद अशा गावांची नावं आजही भिवंडी-मालेगावच्या घराण्यांच्या आठवणीत आहेत. थळघाटातून आगगाडी १८६५ साली धावू लागली आणि अलाहाबादकडून येणारा लोहमार्ग मुंबईच्या मार्गाला १८७०मध्ये जोडला गेला. म्हणजे पहिल्या लोंढ्याला पाय आणि बैलगाडी याखेरीज दुसरं साधन नव्हतं. त्यांचा मार्ग नकाशावर आजही ओळीने वाचता येतो. धुळे आग्रा रस्त्यावर, मालेगाव आग्रा रस्त्यावर, आणि घाट उतरून मुंबईच्या अलीकडे भिवंडी. जिथे सूत मिळालं आणि गिऱ्हाईक मिळालं तिथे खड्डा खणून माग बसवला.

गिऱ्हाईक मराठी होतं. मालेगाव-भिवंडीकडच्या या विणकरांनी पोटासाठी जे विणायला घेतलं ते होतं मराठी बायकांचं लुगडं. भाषेची पहिली देवघेव तिथे झाली असणार. काठ केवढा, पदर कसा, नऊ वार की आठ, रंग कुठला, हे शब्द कळल्याशिवाय माल खपत नाही. इतिहासकार डग्लस हेन्स यांनी पश्चिम भारतातल्या छोट्या गावांच्या भांडवलशाहीवर २०१२ साली लिहिलेल्या पुस्तकात भिवंडी, मालेगाव, सोलापूर या गावांतल्या विणकरांनी बाजाराची नस कशी ओळखली ते सविस्तर मांडलंय. जुलाहा हा शब्द हिणवण्यासारखा वापरला जाई, म्हणून विसाव्या शतकात तो टाकून ‘मोमिन’ आणि ‘अन्सारी’ ही नावं धरली गेली. भिवंडीत जुन्या घराण्यांत मोमिन जास्त, नंतर आलेल्यांत अन्सारी. नुसत्या आडनावावरून कोण कोणत्या लाटेत आलं याचा अंदाज बांधता येतो.

घरात ते जी बोलत होते ती पूर्वेकडची बोली होती, भोजपुरी-अवधीच्या अंगाची. उर्दू ही त्यांच्या घरची भाषा नव्हती. ती मदरशातून, शाळेतून, वर्तमानपत्रांतून आणि मुशायऱ्यांतून आली आणि दोन-तीन पिढ्यांत घरात शिरून बसली. इथे वरवर विचित्र वाटणारी गोष्ट घडली. परप्रांतात आल्यावर विणकरांनी मराठी जेवढी बाजारापुरती घेतली त्याहून कितीतरी जास्त उर्दू घेतली. उर्दू शिकणं म्हणजे जुलाहा या शब्दातून बाहेर पडणं होतं. रईस हायस्कूल, समदिया हायस्कूल अशा शाळांनी त्याला आकार दिला. वीज आल्यावर हातमागाच्या जागी यंत्रमाग बसवण्यात ज्यांनी पुढाकार घेतला त्या खानसाहेब समदशेठ यांचं नाव समदिया शाळेने टिकवून धरलंय. मागाचा पैसा शाळेत गेला आणि शाळेने भाषा बदलली, असा हा सरळ हिशेब.

उर्दूच्या इतिहासात भिवंडीचं नाव एका वेगळ्याच कारणाने कोरलं गेलंय. अखिल भारतीय प्रगतिशील लेखक संघाचं अधिवेशन मे १९४९मध्ये भिवंडीत भरलं. उर्दूत या गावाला ‘भीमडी’ म्हणायची रीत होती, त्यामुळे साहित्याच्या इतिहासात ते ‘भीमडी कॉन्फरन्स’ म्हणूनच ओळखलं जातं. साम्यवादी पक्षाची तेव्हाची जहाल भूमिका तिथल्या जाहीरनाम्यात उतरली, आणि जे लेखक त्या चौकटीत बसत नव्हते त्यांना बाजूला सारलं गेलं. उर्दू साहित्यावर त्याचे ओरखडे पुढे कित्येक वर्षं राहिले. दिल्ली-लखनौतले समीक्षक आजही ‘भीमडी’ हा शब्द एका वळणासाठी वापरतात. यंत्रमागांच्या खडखडाटात भरलेल्या त्या अधिवेशनाची आठवण मराठी साहित्यव्यवहारात मात्र जवळजवळ नाही. सात-आठ कोसांवर मुंबई, आणि दोन भाषांच्या मधे भिंत.

या भिंतीच्या बरोबर मधोमध राहतात कोकणी मुसलमान.

कल्याण, भिवंडी, चौल ही जुनी बंदरं. अरब व्यापारी आणि इथल्या बायका यांच्या संसारातून जो समाज वाढला तो शेकडो वर्षं इथलाच आहे. त्यांची घरातली बोली व्याकरणाने मराठीच, तिच्यात अरबी-फारसी शब्दांची फोडणी. लग्नातली गाणी त्याच बोलीतली. तालुक्यात महापोलीसारख्या गावांतून हा समाज शेती आणि लाकडाच्या व्यापारात होता आणि शेजारच्या आगऱ्यांशी त्याचा व्यवहार आगरी-कोकणीतच चालायचा. म्हणजे मातृभाषेचा हिशेब मांडला तर हे मराठी भाषक. पण मुलं घालायची तर उर्दू शाळेत, कारण धर्म, प्रतिष्ठा आणि लेखन या तिन्ही गोष्टी उर्दूकडे होत्या. मग हळूहळू असं झालं की आजी नातवाशी कोकणीत बोलते, नातू उर्दूत उत्तर देतो. उत्तरेकडून आलेल्या मोमिनाने उर्दू कमावली, आणि इथल्याच मातीतल्या कोकण्याने तिच्यासाठी आपली मराठी गमावली. दोघे एकाच बाकावर येऊन बसले.

यावर नेमकं बोट ठेवणारा माणूस कोकणातलाच होता. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई मराठीत लिहीत, आणि कोकणी मुसलमानाची भाषा मराठी आहे हे त्यांना सिद्ध करायची गरज वाटत नव्हती, ते तसे जगतच होते. मार्च १९७०मध्ये पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. मुसलमान मुलांनी प्रादेशिक भाषेत शिकावं असा मंडळाचा आग्रह होता. त्यानंतर दोन महिनेही झाले नसतील तोच ७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल पेटली आणि आसपासच्या गावांपर्यंत पसरली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. १९८४ साली पुन्हा तेच. अशा दिवसांत भाषेचा विचार कोण करणार? मोहल्ले घट्ट झाले आणि मोहल्ल्याबरोबर भाषाही. एकमेकांच्या गल्लीत जाणं थांबलं की शेजाऱ्याची बोली कानावर पडणंही थांबतं.

१९८८ साली भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. वेगवेगळ्या धर्मांची सामान्य माणसं, म्हणजे मागवाले, कामगार, दुकानदार, एका पोलिसाबरोबर नियमाने बसू लागली. १९९२-९३मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली, तेव्हा या समित्यांकडे देशाचं लक्ष गेलं. त्या बैठकांची भाषा कुठली होती? भिवंडीची हिंदी. ज्यात ‘मेरेकू’ आहे, ‘बाजूमें’ आहे, ‘वांदा’ आणि ‘राडा’ आहे, दख्खनीचा ‘कायको’ आहे, आणि ‘पगार’ तर पोर्तुगीजांकडून मराठीमार्गे आलेला आहे. तिचं व्याकरण कुणी लिहिलं नाही, तिची शाळा नाही. शहराला जोडणारं जे काही आहे ते याच भाषेत बोलतं.

तेलुगू लोकांची वाट वेगळी होती. ती आग्र्याकडून आली नाही. निजामाच्या मुलखातल्या करीमनगर, वारंगळ, नलगोंडा भागांतले पद्मशाली विणकर सोलापूर आणि मुंबई अशा दोन टप्प्यांनी पश्चिमेकडे सरकले. मुंबईत तेलुगू मजूर त्याआधीपासूनच होते. कामाठीपुऱ्याला नाव मिळालं ते त्यांच्यामुळे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाला मुंबईत ज्यांनी पैशाचं आणि माणसांचं बळ दिलं त्यांत रामय्या व्यंकय्या अय्यावारू, जाया कराडी लिंगू, व्यंकू बाळोजी काळेवार अशी तेलुगू कंत्राटदारांची नावं पुढे येतात. तेलुगू घरात बोलायची आणि सत्यशोधकी मराठीत लढायचं, यात त्यांना काही अडचण वाटली नाही. पुढच्या पिढ्यांतले पद्मशाली प्रभादेवी-वरळीच्या गिरण्यांत लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मुंबईचं कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर सरकलं, तसे कामगारही सरकले. भिवंडीतलं पद्मानगर हे त्यांचं गाव बनलं. करीमनगरकडून भिवंडीला थेट बस येऊ लागली. अजूनही येते.

मागाला तेलुगूत मग्गम म्हणतात, कानडीत मग्ग. माग हा मराठी शब्द त्यांच्या शेजारी ठेवला की वेगळं काही सांगावं लागत नाही. तरीही पद्मशाल्यांना मराठी होण्यासाठी सगळ्यात आधी जी गोष्ट बदलावी लागली ती नाव. तेलुगू रीतीत घराण्याचं नाव, इंटिपेरू, आधी येतं आणि माणसाचं नाव मागून. महाराष्ट्रातल्या शाळेच्या हजेरीपटाला आधी मुलाचं नाव लागतं, मधे बापाचं, शेवटी आडनाव. मुलगा पहिलीत दाखल झाला की त्याचं इंटिपेरू उडी मारून शेवटी जाऊन बसायचं आणि मधे बापाचं नाव घुसायचं. सोलापूरचे कामगार पुढारी नरसय्या आडम, म्हणजे सगळ्यांचे आडम मास्तर, तिथल्या तेलुगू कामगारवस्तीतून आमदार झाले. त्यांचं नाव कुठल्या कागदावर कोणत्या क्रमाने छापलंय हे पाहिलं तर दोन रीतींची रस्सीखेच एका ओळीत दिसते.

भाषा टिकली ती बायकांमुळे आणि फुलांमुळे. भाद्रपद अमावस्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत पद्मानगरात बतुकम्मा मांडली जाते. फुलांचा थरावर थर रचून केलेला मनोरा, भोवती फेर धरून टाळ्यांच्या तालावर गाणी, शेवटी पाण्यात विसर्जन. त्यासाठी लागणारं तंगेडू म्हणजे आपलं तरवड, आणि गुनुगू म्हणजे कुरडू. दोन्ही रानात उगवतात, दोन्हीला इथे कुणी पूजेचं फूल मानत नव्हतं. त्याच नवरात्रात शेजारच्या मराठी घरांत मुली भोंडल्याचा फेर धरतात. पुरणपोळी बक्षालू होऊन भेटते, संक्रांतीला सकिनालू तळले जातात. मार्कंडेय ऋषींना कुळपुरुष मानणारा हा समाज नारळी पौर्णिमेला सोलापुरात त्यांचा रथ काढतो. तेव्हा रस्त्यावर तेलुगू, मराठी आणि कानडी अशा तिन्ही भाषांतून एकाच वेळी जयजयकार चालतो.

शाळांचं गणित आणखी बोलकं आहे. महाराष्ट्राची पाठ्यपुस्तकं काढणारी बालभारती १९६७ साली स्थापन झाली, आणि ती मराठी, हिंदी, इंग्रजीबरोबर उर्दू, गुजराती, कानडी, सिंधी आणि तेलुगूतही पुस्तकं छापते. भिवंडी-निजामपूर महापालिका मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती, तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा चालवते. जामनगरच्या हालार भागातून आलेल्या ओसवाल व्यापाऱ्यांची गुजरातीही त्यात आली. राज्यघटनेच्या १९५६च्या सातव्या दुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं असं कलम ३५०-अ घातलं, त्याचा जिवंत नमुना पाहायचा तर ही महापालिका. २०२०च्या कायद्याने या सगळ्या शाळांत मराठी विषय सक्तीचा झाला. आता ओढा सगळ्याच माध्यमांतून इंग्रजीकडे आहे, हे सांगायला आकडे लागत नाहीत, शाळेच्या दारातल्या रिक्षा पुरेशा आहेत.

पण बालभारतीच्या या आठ भाषांच्या यादीत आगरी नाही. कातकरी नाही. कोकणी मुसलमानांची बोली नाही. जे बाहेरून आले ते आपल्याबरोबर लिपी, पुस्तकं आणि त्या भाषेचं एक मोठं माहेर घेऊन आले. लखनौ, हैदराबाद, जामनगर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. जे इथलेच होते त्यांच्या पाठीशी कुणी उभं नव्हतं. जनगणनेच्या तक्त्यात आगरी मराठीच्या पोटात जाते. कातकऱ्यांचं तर आणखी वाईट. खैराच्या लाकडापासून काथ करणाऱ्या या लोकांचा धंदा जंगल कायद्यांनी बुडवला, आणि ते कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर गेले. भिवंडी तालुक्यात दिवाळीनंतर वीटभट्ट्या पेटतात आणि कुटुंबंच्या कुटुंबं पावसाळ्यापर्यंत तिथेच राहतात. त्यांच्या बोलीत भिली-गुजरातीच्या खुणा आहेत. पहिलीतल्या कातकरी पोराला मास्तरांची मराठी ही परभाषाच असते. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने भट्टीवरच ‘भोंगाशाळा’ काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवर मजुरांनी राहायला घातलेली झोपडी. शाळेला नाव पोरांच्या तोंडातलं मिळालं, एवढं तरी झालं.

गिरणीमुळे जमलेल्या आणि भाषेमुळे वेगळ्या राहिलेल्या लोकांचं गाव म्हटलं की भिवंडीला जगात एक चुलतभाऊ सापडतो, तो एस्टोनियात. नार्वा हे रशियाच्या सीमेवरचं गाव. तिथे नदीतल्या बेटावर क्रेनहोम नावाची प्रचंड सूतगिरणी उभी राहिली, आणि तिची स्थापना १८५७ची. म्हणजे ज्या उठावानंतर अवधचे जुलाहे घर सोडू लागले त्याच वर्षीची. दुसऱ्या महायुद्धात नार्वा बेचिराख झालं. मूळच्या रहिवाशांना परत येऊ दिलं गेलं नाही, आणि गिरणीसाठी सोव्हिएत संघाच्या इतर भागांतून कामगार आणले गेले. आज तिथले नव्वद टक्क्यांहून जास्त लोक रशियन बोलतात. एस्टोनिया १९९१मध्ये स्वतंत्र झाल्यावर युद्धापूर्वीच्या नागरिकांना आणि त्यांच्या वारसांना आपोआप नागरिकत्व मिळालं, बाकीच्यांना एस्टोनियन भाषेची परीक्षा द्यावी लागली. अनेकांनी दिली, अनेकांनी दिली नाही आणि ते कुठल्याच देशाचे नागरिक नसल्याचा करडा पासपोर्ट बाळगत राहिले. क्रेनहोम २०१०मध्ये दिवाळखोरीत गेली. सप्टेंबर २०२४पासून रशियन शाळांचं रूपांतर एस्टोनियन माध्यमात व्हायला सुरुवात झाली, पहिली आणि चौथीपासून. लॅटव्हियात तर २०१२ साली रशियनला दुसरी राजभाषा करावी का यावर सार्वमतच झालं, आणि सुमारे तीन चतुर्थांश मतं विरोधात गेली.

भिवंडीत मुबारकपूरच्या विणकराची कुणी मराठीची परीक्षा घेतली नाही. घेतली असती तर तो जास्त मराठी झाला असता का? नार्वाकडे पाहून तसं वाटत नाही. पण दुसरी बाजूही आहे. एस्टोनियन ही एवढ्याशा देशाची भाषा, आणि पाठीशी राज्य नसतं तर तिची आगरी व्हायला वेळ लागला नसता. मराठीची काळजी करणाऱ्यांना एस्टोनियन माणसाची भीती कळू शकते. आणि भिवंडीतल्या आगऱ्याला ती भीती दोन्हीकडून माहीत आहे, हिंदीची आणि शाळेतल्या मराठीचीही.

तेलंगण सरकारने ऑक्टोबर २०१७मध्ये वारंगळजवळ काकतीय मेगा टेक्स्टाइल पार्कची पायाभरणी केली तेव्हा सुरत, सोलापूर आणि भिवंडीला गेलेल्या विणकरांना घरी परत बोलावणं हा त्यामागचा एक जाहीर हेतू होता. उधळ्या मुलाची गोष्ट पुन्हा एकदा, फक्त या वेळी बापच आवतण धाडतोय. तेलंगणातल्या सिरसिल्लाला पूर्वी परतलेल्यांनी भिवंडी-सोलापुरात शिकलेला यंत्रमाग तिकडे नेऊन बसवला होताच. पण पद्मानगरात जन्मलेल्या पिढीचं घर कुठलं हे ठरवणं एवढं सोपं नाही. तिचं तेलुगू तेलंगणात ऐकताना ‘मुंबईचं’ वाटतं आणि तिचं मराठी इथे कुणाला वेगळं वाटत नाही.

वडप्याला आता मागाचा आवाज ऐकू येत नाही. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीच्या कमी कराच्या जमिनीवर गोदामं उभी राहिली. १ जुलै २०१७ला वस्तू आणि सेवा कर आला, जकात गेली, तरी गोदामं राहिली आणि आणखी वाढली. शेत विकून किंवा भाड्याने देऊन आगरी कुटुंबं गोदाममालक झाली. साताऱ्या-सांगलीकडचा माथाडी, उत्तर प्रदेश-बिहारचा लोडर, ओडिशाचा सुरक्षारक्षक आणि बंगालचा गवंडी हे सगळे भाडेकरू. नार्वात आलेल्याने तिथल्याची भाषा शिकावी असा कायदा आहे. वडप्यात कायदा नसताना जमिनीच्या मालकानेच भाडेकरूची भाषा शिकून घेतली. भाड्याचा करार इंग्रजीत, बोलणी हिंदीत, आणि सातबारा मराठीत.

वडप्याच्या शेजारच्या आमणे गावाजवळ समृद्धी महामार्ग येऊन टेकतो. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि नागपूरपासूनचे ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. आग्रा रस्त्याने बैलगाडीतून यायला महिने लागत, नागपूरहून आता आठ तासांचा हिशेब सांगतात. त्या रस्त्याने येणारी भाषा वऱ्हाडी-नागपुरी. कोनोंच्या १९०५च्या खंडात तिचा आणि आगरीचा नमुना एकाच जिल्दीत बांधलेला आहे. महामार्गावरून उतरलेला नागपूरचा, एमएच ३१चा ट्रकचालक वडप्याच्या टपरीवर कटिंग मागतो आणि माल कुठे उतरवायचा ते गोदामवाल्या आगऱ्याला विचारतो. दोघांचं पहिलं वाक्य हिंदीत असतं. मग आगऱ्याचं लक्ष नंबरप्लेटकडे जातं.